बारावे नाणे

मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत कर्णिकांना कर्णिक म्हणून कोणी ओळखत नसे. ते देवीडॉक्टर. गावोगाव सायकल मारायची, पोरांच्या दंडावर देवी काढायच्या, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचायची, आणि सरकारी वहीत नावे भरायची, ही त्यांची नोकरी. सायकल वेशीवर दिसली की बाया पोरांना घेऊन कणगीमागे दडत. कर्णिकांना त्याचे वाईट वाटत नसे. लोक घरात घेईनात की ते ओट्यावर बसून म्हाताऱ्यांना विचारत, "शेतात, वाटेवर कधी जुना पैसा सापडला का?"

कारण त्यांना नाद होता रोमन बादशहांच्या नाण्यांचा. सोन्याचांदीच्या नव्हे; तो नाद संस्थानिकांनी करावा. कर्णिकांची नाणी काशाची, म्हणजे ब्राँझची. शहापूरच्या तांबटाच्या मोडीत, कल्याणच्या भंगारात हात घालघालून त्यांनी पंधरा वर्षांत अकरा जमवली होती. नाणे आले की महिनाभर खोबरेल तेलात भिजत पडायचे, मग बाभळीच्या काट्याने अक्षरांतली माती एकेक कण करून निघायची. बायको म्हणे, "एवढं तेल माझ्या डोक्याला मिळालं असतं तर केस गुडघ्याला लागले असते."

या अकरा नाण्यांचे ठसे त्यांनी एकदा मुंबईच्या एका जाणत्या गृहस्थांना पाठवले. उत्तर दोन ओळींचे आले. नाणी खरी आहेत, पण भंगारातली आहेत; कुठल्याही खलाशाने गेल्या वर्षी बंदरावर टाकलेली असू शकतील. आपल्या मुलखात, जुन्या व्यापारी वाटेवर, अमुक जागी सापडलेले एक जरी नाणे असेल तर कळवा, आम्ही छापू. ते पत्र कर्णिकांच्या काळजात रुतून बसले. नाणेघाट त्यांच्याच हद्दीत. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच वाटेने तांडे चढत होते हे त्यांना पक्के ठाऊक होते, पण ठाऊक असून काय उपयोग? हातात पुरावा हवा.

तो पुरावा चव्वेचाळीस सालच्या माघात त्यांच्यापुढे आला. घाटाच्या पायथ्याला वैशाखरे गाव आहे. तिथल्या गुणाबाईचा मुलगा नामा, बावीस वर्षांचा, वर घाटघरला तांदूळ पोचवून उतरत असताना ढासळलेल्या दरडीत त्याला एक पैसा मिळाला. रुपयापेक्षा मोठा, जाड, हिरवागार. त्यावर पुरुषाचा चेहरा आणि कडेने अक्षरे. कर्णिकांनी भिंग लावले तर पाच अक्षरे लागलीसुद्धा; राजाचे नाव मात्र अजून मातीखाली होते.

"नामा, हा मला देशील?"

"देईन की. पन अखातीला गावदेवीच्या पायाशी ठेवतो, मंग तुमचाच. सापडलेली वस्तू आदी देवीची."

यावर वाद कसा घालणार? "बरं, पण धुऊ नकोस, घासू नकोस," एवढे कर्णिकांनी तीनदा बजावले. कागद लावून ठसा उतरून घ्यावा हे काही त्या आनंदात सुचले नाही. शहाणा माणूस चुकतो तो असा. नामाने पैसा कोनाड्यात ठेवला आणि शिमग्यानंतर चार दिवस कमवायला मुंबईच्या गोदीत गेला. अखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतो म्हणाला होता.

चैत्रात गोदीत दारूगोळ्याची बोट फुटली. नामा परत आला नाही. त्याचे काहीच आले नाही.

कर्णिक वैशाख संपता संपता वैशाखऱ्याला गेले. दुखवट्याला जातोय असे त्यांनी बायकोला सांगितले आणि स्वतःलाही सांगितले. पण वाटभर डोक्यात ती पाच अक्षरे होती. याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही सायकल जोरातच चालली होती.

गुणाबाई अंगणात भाताचे बियाणे पाखडत होती. त्यांना पाहून तिने सूप खाली ठेवले.

"बरं झालं आलाव डाक्तर. आज ना आलाव तर मीच मुरबाडला येनार व्हती."

कर्णिक ओट्यावर टेकले. तीच बोलत राहिली.

"मढं तर मिळालं नाय. पळसाच्या पानांचा पुतळा केला, तो जाळला. धाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवना. धाकलू, त्याचा चुलता, हात जोडून सांगतोय, तुझ्या आयेला आमी बघू, तुझ्या बैलाला इकनार नाय. कावळे झाडावर बसून. ऊन डोक्यावर आलं. मंग माझ्या ध्यानात आलं. मी म्हनलं, नामा, डाक्तरांना तू पैसा कबूल केलावतास, तो मी देईन रे. असा झप करून खाली आला बघा."

ती आत गेली आणि फडक्यात बांधलेली वस्तू घेऊन आली. फडके उलगडले तर नाणे लखलखत होते.

"कळकट वस्तू मेल्या मान्साच्या नावानं कशी द्यावी? तीन दिस घासला. चिंच लावली, राख लावली, त्यानं जाईना तं इटकरीचा चुरा घेतला आन् पाट्यावर धरला. तवा कुठं उजळला. देवीच्या पायाशी बी ठेवून आनला."

कर्णिकांनी नाणे हातात घेतले. चेहरा नव्हता. अक्षरे नव्हती. एका बाजूला नाकाच्या जागी थोडा उंचवटा, बाकी गुळगुळीत पत्रा. पंधरा वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास त्या माउलीने चिंच लावून धुऊन टाकला होता. त्यांना संताप आला, असा की डोळ्यांत पाणी उभे राहिले.

गुणाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "ह्योच पायजे व्हता ना? नायतर त्याचा जीव पुन्ना आडकंल."

"हाच," कर्णिक म्हणाले. "अगदी हाच. कबुली पुरी झाली, गुणाबाई."

तिने मोठा श्वास सोडला. मग चप्पल नसलेल्या पायांनी त्यांना घाटाच्या वाटेवर नेऊन दरड दाखवली. करवंदीच्या जाळीखाली, दुसऱ्या वळणावर. नामाने तिला जागा नेमकी सांगितली होती.

कर्णिक दगडावर बसले आणि नाण्यांची वही काढली. बारावे नाणे. जागा, तारीख, वजन, सापडले कोणाला, राजा कोण. पेन्सिलने लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. घरच्या डबीत सातव्या क्रमांकाचे नाणे होते. शहापूरच्या तांबटाकडचे, एवढेच मोठे, चेहरा साफ, अक्षरे साफ, त्राजान बादशहा. त्याला जागा नव्हती. इथे जागा होती, तिला नाणे नव्हते. दोन्ही एका ओळीत लिहिली तर? कोण बघणार होते? घाटाने नाणी आली हे काही खोटे नव्हते. मुंबईकर छापतील, आणि कर्णिकांचे नाव कागदावर येईल. राजाचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला. तो घरी जाऊन भरता आला असता.

"काय लिवताव?" गुणाबाईने विचारले.

त्यांनी वाचून दाखवले. "सापडले: नामा बारकू, राहणार वैशाखरे, यास."

"त्याचं नाव लिवलंव?"

"लिहिलं."

"पुन्ना वाचा."

त्यांनी पुन्हा वाचले. ती खाली बसली. म्हणाली, "धाकलू दोनदा मुंबईला जाऊन आला. मेलेल्यांच्या यादीत नामा नाय. रोजावरचा गडी, मुकादमानं नावच लिवलं नवतं. तो तिथं व्हता ह्ये सांगनारा कागुद कुठंच नाय." मग वहीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये पेन्शिलीनं हाय. पुसंल. तुमी पोरांची नावं शाईनं लिवताव ना? तसं लिवा."

सरकारी वहीसाठी दौत पिशवीत होतीच. कर्णिकांनी बूच काढले, पेन्सिलीची ओळ शाईने गिरवली: जागा, तारीख, नामा बारकू. राजाच्या रकान्याशी टाक अडला. शाई निबावर वाळली, पुन्हा बुडवावी लागली. नामाच्या नावाशेजारी, त्याला कधी न सापडलेल्या नाण्याचा राजा त्यांच्याच्याने लिहवेना. त्यांनी लिहिले, 'झिजलेला. ओळखता येत नाही.' असले नाणे कोणी छापणार नव्हते; मुंबईचा विषय तिथे संपला हे त्यांना कळत होते.

"आता काय लिवलं?"

"राजा कोण ते कळत नाही, असं लिहिलं."

"राजाचं ऱ्हाऊंद्या हो," गुणाबाई म्हणाली. "नामाचं नीट लिवलंव ना?"