सहा तासांचा विसावा

पेशीबाईंनी पाण्याच्या टाकीचे तापमान तिसऱ्यांदा पाहिले. बेचाळीस अंश, ना कमी ना जास्त. मग गुलाबी द्रवाची चपटी बाटली त्यांनी हलक्या हाताने पाण्यात सोडली आणि एका तासाचा गजर लावला. बाटलीच्या तळाशी माणसाच्या पेशी चिकटून वाढत होत्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाखोंच्या संख्येने. त्यांना आता ताप आणायचा होता.

हे काम बाई सव्वीस वर्षे करत होत्या. संशोधन संस्थेत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. शेजारच्या इमारतीतले वकीलसाहेब फाटकापाशी भेटले की कोर्टातल्या पेशीवरून कोटी करत हटकून विचारत, "काय बाई, आज कोणाची पेशी?" बाईंचेही उत्तर ठरलेले. "आमच्याकडे पुढची तारीख मिळत नाही. दुसऱ्या दिवशी निकाल."

त्यांचा विषय सांगायला सोपा होता. पेशीला अचानक चटका बसला की तिच्यातल्या प्रथिनांची घडी विस्कटते. पेशी मग हातातली कामे टाकून रक्षक प्रथिने बनवायला घेते, आणि ती प्रथिने विस्कटलेल्या घड्या पुन्हा नीट घालतात. म्हणून आधी सौम्य ताप दिला, मग सहा तास सदतीस अंशांच्या कपाटात ठेवले आणि नंतर जीवघेणा ताप दिला, तरी पुष्कळ पेशी तगतात. या मधल्या सहा तासांना बाई आपल्या वहीत 'विसावा' म्हणत. नव्या विद्यार्थ्यांना घाई फार. ते विसावा गाळून दुसरा ताप देत आणि दुसऱ्या दिवशी बाटलीभर मेलेल्या पेशी घेऊन तोंड पाडून उभे राहत. "ताप कोणाला सोसायला शिकवत नाही," बाई त्यांना सुनावत. "मधला वेळ शिकवतो. तोच खाल्लात, मग राहिलं काय?"

गजराला वीस मिनिटे उरली असताना दारात थोरली येऊन उभी राहिली.

थोरली म्हणजे बाईंची मोठी मुलगी. तिच्या लग्नाला दीड वर्ष झाले होते. शाळेत असताना ती याच खोलीत स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि कंटाळा आला की आईची वही वाचायची. आज तिच्या हातात कापडी पिशवी होती. एका बाजूचा गाल आणि मान उन्हाने भाजून सोलवटली होती.

"घरी का नाही गेलीस?" बाईंनी विचारले.

"घरी बाबा आहेत. ते आल्या पावली बसमध्ये बसवून देतील."

मग तिने सांगितले. कपडे वाळत घालायला ती गॅलरीत गेली की नवरा आतून कडी लावायचा. पहिल्यांदा गंमत म्हणून, दहा मिनिटे. पुढे भाजीत मीठ कमी पडले म्हणून अर्धा तास. काल ती उलट बोलली म्हणून भर दुपारी तीन तास. रस्त्यावरची माणसे वर बघून पुढे जात होती.

"आणि सासूबाई?"

"आत टीव्ही बघत होत्या. कडी काढल्यावर म्हणाल्या, आता चहा टाक."

बाईंनी तिच्या सोलवटलेल्या मानेकडे पाहिले. पण तोंडातून निघाले ते वेगळेच. "अगं, संसार रुळायला वेळ लागतो. थोडं सोस. सवय होते."

वाचकहो, असे सांगणाऱ्या आया घरोघरी आहेत आणि बहुतेकींना दुसरे काही माहीतच नसते, म्हणून आपण त्यांना माफ करतो. या बाईंना मात्र ती सवलत नाही. आपल्या वाक्यातून काय गाळले आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

थोरलीलाही ते ठाऊक होते. "तुझ्या पेशींना तू मधे सहा तास देतेस ना आई," ती म्हणाली. "मला एक महिना दे. नुसतं झोपू दे मला तुझ्याकडे. परत जायचं की नाही ते मग बघू."

बाईंनी दाराकडे पाहिले, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. "धाकटीचं ठरतंय गं. थोरली परत आली असं कळलं तर ते लोक मागे फिरतील. आणि आपल्या तोंडात शेण घालायला सगळे टपलेलेच आहेत. एवढं लग्न पार पडू दे. मग मी स्वतः येते तुला न्यायला. शब्द देते."

"म्हणजे कधी?"

"दीड महिना. फार तर दोन."

गजर वाजला. बाईंनी बाटली टाकीतून काढली, पुसली आणि सदतीस अंशांच्या कपाटात अलगद ठेवली. वहीत विसाव्याची वेळ लिहिली. मग मुलीला औषधाच्या दुकानातून मलम घेऊन दिले आणि बसथांब्यावर सोडून आल्या.

घरी नवऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले ते एवढेच, "संस्थेत कोणी पाहिलं नाही ना तिला?" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "संसाराची घडी बसत असते. आपण मधे हात घातला की विस्कटते." घडी हा शब्द ऐकून बाई थबकल्या. पण लग्नाचा हॉल ठरवायचा राहिला होता, आमंत्रणे छापायची होती. त्या कामाला लागल्या.

त्या दीड महिन्यात थोरलीचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा ती म्हणाली, "परत तसंच झालं." दुसऱ्यांदा नुसते, "कधी येतेस?" त्यानंतर फोन आला नाही, म्हणून बाईंनी स्वतः केला तेव्हा ती म्हणाली, "बरं चाललंय." बाईंना हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याची लाज त्यांना आता जन्मभर पुरेल.

धाकटीचे लग्न थाटात झाले. थोरली नवऱ्याबरोबर आली, वाकून सगळ्यांच्या पाया पडली, जेवून गेली. किती शांत झाली हो तुमची मुलगी, असे चार जणींनी बाईंना सांगितले.

आठव्या दिवशी बाई थोरलीच्या सासरी पोचल्या. विहीणबाईंनी हसून स्वागत केले. "सुरुवातीला शब्दाला शब्द असायचा हो. आता बघा, बोलायची वेळच येत नाही." विहीणबाईंचा चहा संपायच्या आतच थोरली कप न्यायला हात पुढे करून उभी होती.

बाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. "पिशवी भर. घरी चल. कायमची."

"मशीनमध्ये कपडे आहेत," थोरली म्हणाली.

"मी तुला न्यायला आलेय गं."

"आता कशाला? मला आता काही होत नाही. उन्हाचंसुद्धा काही वाटत नाही." ती कप विसळत होती. "चूक झाली की मीच जाऊन उभी राहते गॅलरीत. त्यांना कडी लावावी लागत नाही."

ताप उतरूच दिला नाही, तर काही पेशी मरत नाहीत. त्या वाढणे थांबवतात, नवे काही घडवत नाहीत, नुसत्या टिकून राहतात. मोजणीत त्या जिवंत धरतात. बाईंनी अशा हजारो मोजल्या होत्या. त्यांनी लेकीचे मनगट धरले आणि ओढले, अगदी लहानपणी रस्ता ओलांडताना ओढावे तसे. थोरलीने हात हळूच सोडवून घेतला. "हाक मारतायत मला," म्हणून ती बाहेर गेली. कोणी हाक मारली नव्हती.

बाई एकट्या परतल्या. घरात धाकटी, जावई आणि तिचे सासू-सासरे चहाला आले होते. नवरा घाईने दाराशी आला. "कशी आहे?"

"संपली," बाई म्हणाल्या. "श्वास चालू आहे, पण संपली. आपण संपवली."

"हळू बोल. व्याही बसलेत."

बाई चपला न काढताच आत गेल्या आणि सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या थोरल्या मुलीला सासरी उन्हात उभी करतात," त्या म्हणाल्या. "ती माझ्याकडे महिनाभर जागा मागायला आली होती. तुम्ही हे लग्न मोडाल या भीतीने मी तिला परत धाडली. आता ती येत नाही. मी उद्या परत जाणार आहे, परवाही जाणार आहे, पण ती यायची नाही, हे मला कळतंय." त्यांचा आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. "धाकटे, तुला इथे यावंसं वाटेल तेव्हा यायचं. कारण सांगायचं नाही. कोणाला विचारायचं नाही. या घराचं दार उघडं आहे."

धाकटीच्या सासूबाईंनी कप बशीत ठेवला. बाईंचा नवरा भिंतीकडे बघत राहिला. धाकटीने आधी सासूकडे पाहिले, मग आपल्या नवऱ्याकडे. मग जमिनीकडे बघत ती म्हणाली, "आई, जरा हळू बोल ना."