एका ओळीची मागणी

थालियाची मागणी एका ओळीची होती: शुक्रवारची तोंडी परीक्षा झेर्वूदिस सरांऐवजी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. मागच्या भेटीत सरांचा हात तिच्या गुडघ्यावर होता, आणि गुडघा तिच्या प्रबंधात कुठेच येत नव्हता.

ग्रीसमधल्या थेसालोनिकी विद्यापीठातल्या आमच्या विभागात असे ठराव विद्यार्थ्यांची सभा करते. सभेत दोन स्त्रीवादी गट होते.

"त्याचं नाव घ्या, फलकावर लिहा," पहिल्या गटाची इस्मिनी म्हणाली.

"अगं बाई, एकाचं नाव घेतलंस की बाकीचे संत ठरतात," दुसऱ्या गटाची मेल्पो म्हणाली. "दोष व्यवस्थेचा आहे."

"गुडघ्यावर हात व्यवस्थेने ठेवला का?"

"तेच तर सांगतेय मघापासून."

हे पाच तास चाललं. थालियाने बोलायला तीनदा हात वर केला. मतदानाचे हात मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी तिन्ही वेळा तो हात तिचं मत म्हणून धरला, त्यातलं एक तिच्याच मागणीविरुद्ध. ती मागणी एका मताने पडली. मग जगातल्या सर्व अत्याचारांचा निषेध एकमताने मंजूर झाला.

दाराशी झेर्वूदिस सर थांबले होते. सहाला तिथे त्यांचा तास होता.

"चालू द्या, मुलांनो. लोकशाहीला वेळ लागतोच," ते म्हणाले. थालियासाठी त्यांनी दार धरून ठेवलं. "शुक्रवारी अकराला ये, बाळ. माझ्या खोलीत."