सहा साड्यांचा लूप

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर शकुने सांगण्यापेक्षा बरं. शकु म्हणजे माझी बायको. छत्तीस वर्षं जबलपूरच्या डिफेन्स फॅक्टरीत मी मोजमापं तपासली. केसभर फरक दिसला की माझं डोकं फिरतं.

त्यात या वेळी चुकून चालणार नव्हतं. अमरावतीहून अजिंक्यचा फोन आला होता. अजिंक्य हा विष्णूचा मुलगा, आणि विष्णू म्हणजे फॅक्टरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, मला हॅम रेडिओचं, म्हणजे घरातून हौसेने रेडिओवर बोलण्याचं, वेड लावणारा माणूस. आठ महिन्यांपूर्वी त्याला लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. फोन कानाशी नेला की तोंड फिरवतो.

"काका, बाबा डाव्या बोटानं पलंगावर टकटक करून राहिले," अजिंक्य म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, लक्ष देऊ नका. तुम्ही ऐका बरं."

मी ऐकलं. मोर्सच्या ठोक्यांत तो माझं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव, वाजवत होता. पुन्हा पुन्हा. मला रडू आलं, मग त्या डॉक्टरचा राग आला.

"रविवारी सकाळी नऊला त्याला त्याच्या रेडिओ सेटसमोर बसव," मी म्हणालो. "मी रेडिओवर येतोच."

बोलून बसलो खरा, पण माझी जुनी अँटेना माकडांनी झोके घेऊन तोडली होती. नवा लूप, म्हणजे तारेचा बंद चौकोन, बांधायला घेतला. त्रेचाळीस मीटर तार, चार कोपरे. एवढ्या एका तारेवर तीन-चार बँड, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, चालतात. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर दोनच कोपरे मावले. तिसरा कडुलिंबाला बांधला आणि चौथा, पाण्याच्या टाकीपलीकडे, शेजारच्या क्षमाजींच्या गच्चीतल्या खांबाला. त्यांनी आनंदाने हो म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी तारेची लांबी रेडिओच्या लहरीशी जुळवत बसलो. मीटर खाली खोलीत, तार वर. मीटर बघायचं, जिना चढायचा, वीतभर तार कापायची, उतरायचं. हिशेबापेक्षा तार बरीच जास्त कापावी लागत होती. मी पुस्तकाला शिव्या घातल्या. बाराच्या सुमारास काटा असा जागेवर बसला की शकुला चहा टाकायला सांगितलं आणि लूप डोळे भरून बघायला टाकीपलीकडे गेलो.

चौथ्या कोपऱ्यात तारेवर सहा जाड सुती साड्या निथळत होत्या.

"यह कपड़े सुखाने की अलगनी नहीं है!" मी ओरडलो.

"तार है, धूप है, तो कपड़े सूखेंगे ही न, भाईसाहब?" क्षमाजी म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नाही. मी मात्र आणखी बरंच बोललो. त्यांनी साड्या काढल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी साडेआठला मीटर लावलं, तर काटा भलतीकडेच. जोडण्या तपासल्या, तार तपासली, मीटरला एक चापटही मारली.

शकु दारात उभी होती. "अहो, काल जुळवलं तेव्हा तारेवर साड्या होत्या ना?"

"मग?"

"मग आज कुठं आहेत?"

तेव्हा कुठे उलगडलं. ओलं कापड लागलं की तार आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते, म्हणून मी कापत सुटलो होतो. मी नुसता लूप जुळवला नव्हता, साड्यांसकट जुळवला होता! आता तार जोडून पुन्हा जुळवायला दोन तास हवे होते, आणि हातात पंचवीस मिनिटं. मी आलो नाही, तर विष्णू पुन्हा टकटक तरी कशाला करेल?

"काहून उभे राहिले? जा, माफी मागा," शकु म्हणाली.

क्षमाजींनी अर्धंच दार उघडलं. "साड़ियाँ सूख गईं, प्रेस भी हो गईं."

मी उभ्याउभ्या विष्णूचं सगळं सांगितलं. कपाट उघडून सहा इस्त्रीच्या साड्या त्यांनी बादलीत बुडवल्या.

"कल वाले ही क्रम से," मी म्हणालो. राहवत नाही.

"पहली हरी थी, मालूम है. आप चुप रहिए."

नऊला दोन मिनिटं कमी असताना काटा जागेवर आला. मी मोर्सच्या चावीवर हाक दिली. नुसती खरखर. पुन्हा हाक दिली. मग अडखळत, तुटक ठोके आले: माझं कॉलसाइन, त्याचं कॉलसाइन, परत माझं. मोर्सवरही आम्ही मराठीच बोलतो, अक्षरं तेवढी इंग्रजी. मी तब्येत विचारली. पुन्हा कॉलसाइनच. जेवलास का विचारलं. तेच. डॉक्टरचंच खरं असावं, अशी भीती वाटली. मग आमच्या रिवाजाप्रमाणे अँटेनाची माहिती दिली: लूप, एक्केचाळीस मीटर, सहा ओल्या साड्या.

बराच वेळ खरखर. मग एकेक अक्षर शोधल्यासारखी आठ अक्षरं आली. मी ती कागदावर उतरवून मोठ्याने वाचली.

"कोणाच्या?"

मागे शकु आणि ओल्या हातांनी आलेल्या क्षमाजी उभ्या होत्या. दोघींना हसू आवरेना. मी मात्र टेबलावर डोकं टेकून रडलो. आठ महिन्यांनी विष्णू माझी थट्टा करत होता.