तीन गाठी

नाताळच्या भेटी गुंडाळायला आमच्या घरात चकचकीत कागद कधी आला नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. यंदा मात्र माझ्या सुनेने कहरच केला. आर्लिन ताक्लोबानची, शहरात वाढलेली, हाताला म्हणून स्वस्थ बसवत नाही. शेजारच्या पोरांच्या गोळ्या तिने नारळाच्या दोन करवंट्यांत भरून वरून दोरी आवळली. माझ्या नणंदेचा साबण केळीच्या पानात बांधला. गेल्या सालच्या कॅलेंडरची पाकिटं केली, तीही अशी की संतांचे चेहरे बरोबर वर यावेत.

"संतांच्या पोटात चड्ड्या भरल्यास," मी म्हटलं. "पाप लागेल."

"त्यांनाही थंडी वाजत असेल, नानाय," ती म्हणाली. लेकासारखीच तीही मला नानाय, म्हणजे आई म्हणते.

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. सासू लगेच हसली की सून डोक्यावर बसते. शिवाय तिची नाटकं काय कमी होती? महिनाभर सुकी मासळी भाजली की नाक दाबून बाहेर पळायची. कोळ्याच्या घरात लग्न करून आली आणि मासळीचा वास सोसवत नाही!

तेवीस तारखेला सकाळी शेजारची इसाबेल भाताचे वडे घेऊन आली. भेटी बघून आधी खूप हसली, मग एका गुंडाळीवर तिचं बोट थांबलं.

"पेतांग, हे कुणी बांधलं गं?"

मी पाहिलं. हातभर लांबीची जांभळी चटई, गुंडाळी केलेली. अबाकाच्या, म्हणजे रानकेळीच्या वाखाच्या दोरीने तीन ठिकाणी बांधलेली. पायाशी, कमरेला आणि गळ्याशी. चिठ्ठीवर माझ्या मुलाचं नाव, रुफिनो.

आमचं सगळं गाव लव्हाळ्याच्या चटया विणतं. चटईवर आम्ही जन्मतो, निजतो, लग्न लावतो. पण चटईला तीन गाठी फक्त एकाच प्रसंगी पडतात, शवपेटी मिळाली नाही आणि माणूस चटईत गुंडाळून पुरावा लागला तर. मग माती लोटण्याआधी घरच्यांनी त्या गाठी हाताने सोडायच्या, म्हणजे गेलेला मोकळा होतो. न सोडलेली गाठ घरातला दुसरा माणूस मागते, असं आमच्याकडे मानतात.

मोठ्या वादळानंतर माझ्या नवऱ्याला, बेनितोला मी स्वतः अशीच चटई बांधली होती, आमच्या लग्नाची. प्रेतं न्यायला ट्रक आला, माणसं घाईत होती, मला वर चढू दिलं नाही. गाठी तशाच राहिल्या. अकरा वर्षं झाली, त्या तशाच आहेत.

आणि रुफिनो दहा दिवस समुद्रावर होता.

"कुणी शिकवलं हे तुला?" मी आर्लिनवर ओरडले.

"तुम्हीच की! चटई सुटू नये म्हणून कशी बांधायची विचारलं, तर सुपारी चघळत, माझ्याकडे न बघता बांधून दाखवलीत. दोरी भिजवून घे, वाळली की घट्ट बसते, असंही म्हणालात."

खरं होतं. माझ्या हातांना चटई बांधायची दुसरी रीतच ठाऊक उरली नव्हती.

"सोड ते. दुसऱ्या कशात तरी बांध."

"मुळीच नाही. ते त्यानेच उघडायचं."

कारण तरी काय सांगणार? समुद्रावरच्या माणसाचं मरण तोंडातून काढायचं नसतं. ती विहिरीवर गेल्यावर मी गाठींना हात घातला. दोरी वाळून तारेसारखी झाली होती. तेवढ्यात आर्लिन परत आली. तिने माझ्या हातातून गुंडाळी काढून घेतली आणि बाळ येशूच्या पायाशी ठेवली.

"आता इथून उचलायची नाही. शपथ आहे तुम्हाला."

चोवीस तारखेला पहाटेच्या मिस्साला मी देवाशी बोललेच नाही. बेनितोशी बोलले. म्हटलं, राग माझ्यावर काढ. पोराला हात लावू नकोस.

दुपारी एकेक होडी लागली. पहिली, दुसरी, पाचवी. आमची नव्हतीच. इसाबेल माझ्या शेजारी वाळूत बसून जपमाळ ओढत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. चारच्या सुमाराला शेवटची होडी आली, आणि तिच्या टोकाला माझं काळं कुळकुळीत ध्यान उभं! मी पाण्यात धावले. त्याच्या दंडाला चिमटा काढून बघितला.

"आई गं! अजून मेलो नाही, नानाय."

"असलं बोलू नकोस, मेल्या," मी म्हटलं आणि रडायला लागले.

घरात शिरताच आर्लिनने गुंडाळी त्याच्या हातात दिली. तिला रात्रीच्या जेवणापर्यंतही दम निघेना.

"गाठी हाताने सोडव," मी म्हटलं. "सावकाश. तिन्ही."

"बोटं मिठाने फाटलीत गं." त्याने कमरेचा कोयता काढला. मी हात धरायच्या आत सप, सप, सप, तिन्ही दोऱ्या कापल्या.

चटई उलगडली. आत मुठीएवढी टोपी होती आणि दोन इवलेसे मोजे.

क्षणभर त्याला काही समजलं नाही. मग त्याने अशी आरोळी ठोकली की कोंबड्या उडाल्या. आर्लिनला उचलून गरगर फिरवलं. इसाबेल टाळ्या वाजवायला लागली आणि मध्येच थांबली.

"नाव तुझं लिहिलं," आर्लिन हसत म्हणाली, "पण भेट खरं तर बाळाची आहे."

दोन दिवस मी रुफिनोच्या काळजीने झुरत होते. त्या गाठी त्याच्या नव्हत्याच.

तिन्ही गाठी जमिनीवर पडल्या होत्या, कापलेल्या, पण न सुटलेल्या. मी त्या उचलल्या आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. पायाची गाठ नखाने सैल केली. सुटली. कमरेची बराच वेळ घेऊन सुटली. गळ्याची हलेना. नख तुटलं, रक्त आलं, तरी हलेना.

"नानाय, या ना, भात निवतोय," आतून आर्लिनने हाक मारली.

"आले."

"लवकर या हं. मला पोटात कसंतरी आवळल्यासारखं होतंय. भूक लागली असेल."

मी गाठ दातांत धरली आणि ओढायला लागले.