तंबूबाहेरचा हंबरडा

खाणीतल्या स्फोटानंतर तिलेकला साधा चमचा पडला तरी कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. परवा त्याची आई गेली होती. रीतीप्रमाणे, शोकाला पाहुण्यांची टोळी आली की लोकरी नमद्याच्या तंबूबाहेर, काठीवर वाकून, हंबरडा फोडणं लेकाचं काम.

डॉक्टरांनी बुरुलचाला, त्याच्या बायकोला, बजावलं होतं: कानांत थोडा आवाज आत सोडणारी जाळीची बुचंच घालायची, सगळाच आवाज अडवणारी भरीव घातली तर कान आणखी हळवे होतील.

"आजचा दिवस भरीव घाल गं," तिलेक म्हणाला.

तिने घातली, वरून त्याची टोपी कानांवर ओढली आणि तंबूत बायकांमध्ये जाऊन बसली.

*तालासचे पाहुणे*

घोड्यांवरून रडत आले. तंबूबाहेर रांगेत उभ्या घरच्या पुरुषांनी आक्रोश केला. तिलेक जमिनीकडे बघत गप्पच. कोणी आल्याचं त्याला कळलंच नाही.

*कोचकोरचे पाहुणे*

पुन्हा तेच. तिलेकच्या जुमाशकाकांनी तंबूच्या दाराचा पडदा उचलला. "सूनबाई, नवऱ्याच्या जिभेलाही बूच बसवलंस वाटतं?"

"काका, त्याला ऐकूच येत नाहीये."

"आख्ख्या गावाला दिसतंय ना, आईसाठी रडत नाही ते!"

बुरुलचा बाहेर धावली. तिलेकने तिचा चेहरा पाहिला, मग काकांचा. त्याने स्वतःच बुचं काढून तिच्या हातात दिली.

*नारिनचे पाहुणे*

सगळे एकदम ओरडत उतार उतरले. तिलेकने काठी टाकली, दोन्ही हातांनी डोकं दाबलं आणि असा किंचाळला की घोडे बिचकले.

"हां," काका डोळे पुसत म्हणाले, "आता शोभलास आईचा लेक."

बुरुलचाच्या मुठीत बुचं अजून गरम होती. ओशचे पाहुणे यायचे होते.