नटीचा तीळ

कापसाच्या बोळ्यावर उतरलेला तो काळा कण माशीची घाण नसून सुप्रसिद्ध नटीच्या गालावरील तीळ होता, हे कारागिराच्या ध्यानी आले आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

हस्तिदंताच्या चकतीवर रंगविलेली ती जुनी तसबीर तळहातात मावेल एवढीच होती. नटनटींच्या अशा चिमुकल्या तसबिरी स्वच्छ करण्यात त्याची हयात गेली होती. माशीचे डाग टिपणे म्हणजे त्याच्या हातचा मळ. आज त्याच हाताने घात केला होता. नटीची वृद्ध कन्या कोणत्याही क्षणी येणार होती. आईचे दुसरे चित्र तिच्यापाशी नव्हते, आणि हे उद्या नाट्यगृहाच्या दालनात लागायचे होते.

"परत काढा की. टिंबच तर आहे," बायको म्हणाली.

"कुठल्या गालावर?"

"डाव्या."

"तिच्या डाव्या, की आपल्या?"

बायको गप्प झाली. एवढ्या संसारात ती निरुत्तर होण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु त्याचा आनंद उपभोगण्यास त्याला सवड नव्हती.

एका केसाचा कुंचला रंगात बुडवून त्याने श्वास रोखला. टोक एका गालावरून दुसऱ्या गालावर गेले, परत आले. चुकीच्या जागी टेकले, तर पुसताना मूळचा गालही जाणार होता. जिन्यात काठी वाजली.

त्याने कुंचला खाली ठेवला.

"बाई, तुमच्या आईंचा तीळ माझ्या हातून पुसला गेला," वृद्धा आत येताच तो म्हणाला. "बाजू आठवत नाही. अंदाजाने लावणार होतो, धीर झाला नाही."

वृद्धेने तसबीर उचलून भिंग डोळ्याशी धरले. बायकोने पुढे सरकवलेली खुर्चीही तिला दिसली नाही.

"तीळ काजळाचा असायचा," अखेर ती म्हणाली. "प्रयोगाला निघताना आई लावायची. तो लागला की मला जवळ घ्यायची नाही, रंग बिघडतो म्हणून. ही घरातली आई आहे."

"मग असंच राहू द्यायचं?"

"छे. लोक नटीला बघायला येणार. पण लगेच नको. मी जरा बसते."

कुंचल्यावरचा रंग वाळून गेला, तरी ती तसबिरीकडेच पाहत होती. मग तिने तसबीर मेजावर ठेवली.

"लावा आता. डाव्या गालावर."

कारागीर घुटमळला. "बाई, डाव्या म्हणजे..."

"तिच्या. रंगमंचावर डावं-उजवं नटाचंच असतं."

एवढे बोलून तिने तोंड खिडकीकडे फिरवले. त्याने कुंचला पुन्हा ओला केला.