दोन इंचांचा ढाळ

मी डोमाजी मिस्त्री. इकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कुणालाही विचारा, माझ्या हातच्या कामात पाणी साचत नाही. न्हाणीघर असो की गच्ची, पाणी वाहून जायला मी ढाळ देतोच. इंजिनियर नको म्हणाला तरी देतो. त्याचं शिक्षण त्याच्यापाशी!

तीन वर्षांपूर्वी इथलं बास्केटबॉलचं मैदान मी बांधलं. हा खेळ असतो तरी काय, म्हणून मोबाइलवर एक सामना लावला आणि अडकलोच. तेव्हापासून नागपूरच्या व्यावसायिक महिला संघाचा एकही सामना सोडलेला नाही. माझी बायको चंपाबाई म्हणते, लग्नात मी तिच्याकडेही इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

यंदा त्याच संघाचं सराव शिबिर माझ्याच मैदानावर भरलं. पाच दिवस कामाला दांडी मारून मी पायऱ्यांवर बसलो. पहिल्याच दिवशी कोच मॅडमना गाठून सांगून टाकलं, "मैडम, ये मैदान हमने बनाया है. एक बूंद पानी नहीं रुकता."

संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघी झगडत होत्या, खुशी आणि आमच्याच जिल्ह्यातल्या बैहरची दीपिका. बैहरची म्हटल्यावर मी कोणाच्या बाजूचा, हे सांगायला नको. शेवटच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "दस-दस फ्री थ्रो. जिसके ज्यादा, वो टीम में." म्हणजे रेषेवर उभं राहून, कोणी न अडवता, दहा वेळा बॉल रिंगमध्ये टाकायचा. खुशीला पलीकडची रिंग मिळाली, दीपिकाला गेटकडची.

खुशीचे आठ गेले. दीपिकाचे चारच. सगळे चुकलेले बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटले. कालपर्यंत पलीकडच्या रिंगवर हीच पोरगी धडाधड टाकत होती. ती रडवेली होऊन बॅग भरायला लागली.

आणि मला माझाच ढाळ आठवला. गेटकडून रस्त्याचं पाणी येतं म्हणून तेवढ्याच भागात मी नकाशात नसलेला दोन इंचांचा ढाळ दिला होता. रेषा रिंगखालच्या जमिनीपेक्षा खाली गेली, म्हणजे दीपिकाची रिंग दोन इंच उंच!

मी उठलो तशी डबा घेऊन आलेल्या चंपाबाईने धोतर ओढलं. "बसा चूप! चार दिवस साऱ्या दुनियेले सांगत फिरले, मीच बांधलं मनून. आता नाक कापून घेता का?"

"पोरीचं नुकसान होऊन राह्यलं न व."

"आन् तुमचं नाव?"

मला नाव फार प्यारं आहे, खोटं कशाला बोलू. तरी खाली गेलो. "मैडम, लड़की की गलती नहीं है. मेरी है." मॅडमना कळेना. मी त्यांचीच बाटली घेतली आणि गेटकडच्या रिंगखाली पाणी ओतलं. पाणी रेषा ओलांडून सरळ मैदानाच्या कडेच्या नालीकडे निघालं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, थांब ना रे बाबा!

मॅडमनी टेपने मोजलं, माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि दीपिकाला पलीकडच्या रिंगवर बोलावलं. पहिला बॉल हुकला. पुढचे नऊच्या नऊ आत! सगळ्यात आधी टाळी खुशीने वाजवली.

जाताना दीपिका माझ्यापाशी आली. "काकाजी, पानी मात्र खरंच थांबत नाही हो तुमच्या कामात."

तो भाग मी दुसऱ्याच आठवड्यात फोडून सपाट केला. गावभर हसं झालं ते झालंच.

परवा दीपिकाचा पहिला सामना होता. शेवटच्या मिनिटाला तिला फ्री थ्रो मिळाला. ती रेषेवर उभी राहिली आणि कधी नव्हे ती मोबाइलपाशी येऊन बसलेली चंपाबाई माझं मनगट आवळून म्हणाली,

"अवो, तिथचा मिस्त्री कोन हाय?"